रामजन्माआधीची प्रदक्षिणा

"ज्यानं देह जिंकला, त्यानं त्रैलोक्य जिंकलं!"

नांदखोलच्या राममंदिरात, ऐन रामनवमीला, उजवा हात आभाळाकडे नेत मी हे ठणकावून सांगितलं. पेटीवर आमच्या ह्यांनी सूर भरला, तबल्यावर थाप पडली, पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच क्षणी माझ्या ओटीपोटातून निरोप आला की त्रैलोक्याचं मागाहून बघू, आधी मोरीकडे चला.

मी हात खाली घेतला. पुढचा श्लोक इतका सावकाश म्हटला, की ह्यांना वाटलं मला भाव दाटून आला आहे. दाटून आलं होतं ते वेगळंच.

आज मी सत्तरीच्या पुढे आहे आणि लाज गुडघ्यांबरोबरच झिजून गेली आहे, म्हणून हे सरळ सांगते. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा मी ह.भ.प. सौ. उमाताई फणसळकर होते, सत्तावन्न वर्षांची, आणि त्या देवळात रामजन्माचं कीर्तन करणारी पहिली बाई. उत्सवातल्या इतर दिवशी बायकांची कीर्तनं होत, पण दुपारी, जेवणं झाल्यावर, माणसं खांबांना टेकून घोरत असताना. नवमीचं कीर्तन बुवांचंच. भर बाराला जन्म लागला पाहिजे. कीर्तनकारानं 'राम जन्मला' म्हणायचं, की गुलाल उडणार आणि पाळण्याची दोरी हलणार. इतकं जोखमीचं काम बायकांच्या हाती कसं द्यायचं, असा पंचांचा विचार होता. मुलं जन्माला घालायचं तेवढं बायकांकडे होतं.

त्या वर्षी नेमलेले बुवा जिन्यावरून पडले, दुसरे कुणी मोकळे मिळेनात, तेव्हा नाइलाजानं माझं नाव निघालं. मुख्य पंच होते आबा खांबेटे. ऐंशीच्या घरातले, ताठ, टोपीची घडीसुद्धा न मोडलेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला देवळात बोलावून नियम सांगितला. कीर्तनकार ज्या सतरंजीवर उभा राहतो ती नारदाची गादी. एकदा तिच्यावर पाऊल ठेवलं, की आरतीपर्यंत उतरायचं नाही. गादी क्षणभरही रिकामी राहता कामा नये. त्यांच्या आजोबांच्या वेळी एका बुवांना पूर्वरंगातच, म्हणजे सुरुवातीच्या निरूपणातच, विंचू चावला होता. त्यांनी उत्तररंग पुरा केला, आरती केली आणि मग ओरडले.

"तुम्हाला जमेल ना?" आबांनी विचारलं.

"विंचू नसेल तर जमेल," मी म्हटलं.

आबा हसले नाहीत. नाही जमलं, तर बायकांनी नवमीचं कीर्तन करण्याचा विषय या देवळात कायमचा बंद, एवढं त्यांनी न हसताच सांगितलं.

आता विंचवाचं सांगते, कारण तो माझ्याकडे होता.

पाळी गेली तेव्हा मला वाटलं, सुटले. वर्ष-दीड वर्षानं लघवीची आग सुरू झाली. घटकेघटकेला धाव घ्यायची आणि चार थेंबांसाठी मिरच्या वाटल्यासारखं सोसायचं. आमच्या आळीत या दुखण्याला एकच निदान होतं, उष्णता. शेजारणीनं सब्जा दिला, नणंदेनं धणे-जिऱ्याचं पाणी दिलं, माझ्या म्हाताऱ्या मावशीनं तर नाव न घेता नुसतं कोकम पुढे केलं. फारच झालं तर मी गोळ्या आणायची, दोन घेतल्या की बरं वाटायचं, मग उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात जपून ठेवायची. संसारी बाई, वाया कसं घालवणार. पुढची वेळ लवकर यायची.

त्यावर कीर्तनकारांचा म्हणून एक जुना उपाय मी शिकले होते. कीर्तनाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. गळ्यापुरता घोट घ्यायचा, पोटात जाऊ द्यायचा नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला मी अशीच कोरडी उभी राहिले, तरीही अर्ध्यात कळ आली, ती तासभर दाबून धरली, आणि घरी येईतो हुडहुडी भरून ताप चढला. सलाईन लावून दवाखान्यात पडून राहावं लागलं. हे उशाशी बसून होते. हे निवृत्त संस्कृत शिक्षक. तीस वर्षं माझ्या कीर्तनाला पेटी धरली, कधी उंच आवाज नाही. तेव्हाही नव्हता. फक्त म्हणाले, असा ताप आणखी एकदा आला, तर पेटी माळ्यावर जाईल आणि पुन्हा खाली येणार नाही.

म्हणून आम्ही तालुक्याला डॉक्टर शाहीन मुकादमांकडे गेलो. त्या साधारण माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हे शेजारच्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चतुर्थ्या पाहत होते. आमच्या घरात लघवीला 'तो विषय' म्हणायची पद्धत होती.

"कीर्तन किती वेळ चालतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन तास. रंगलं तर अडीच."

"मध्ये जाऊन येता?"

"कसं जाणार? नारदाची गादी असते. सोडता येत नाही."

"नारदांना पाळी येत नव्हती," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "त्यामुळे ती जायचाही प्रश्न नव्हता. तुमचं वेगळं आहे."

मग त्यांनी नीट समजावलं. पाळी गेली की शरीरातली बाईपणाची रसायनं घटतात, आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, चांगले जंतू जातात आणि वाईटांना जागा मिळते. त्यात पाणी प्यायचं नाही आणि आलेली दाबून धरायची, म्हणजे पाहुण्यांना गादी घालून झोपवल्यासारखं. उष्णतेचा यात काही दोष नाही. आधी लघवी तपासायची, कोणता जंतू आहे ते बघून औषध द्यायचं, आणि ते शेवटच्या गोळीपर्यंत संपवायचं. डब्यातल्या गोळ्या टाकून द्यायच्या. आत लावायचं एक मलम दिलं, सुरुवातीला रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. दिवसभर पाणी प्यायचं आणि कळ रोखायची नाही. नवरा-बायकोच्या संबंधानंतर लगेच जाऊन यायचं. इथे हे कॅलेंडरात पार दिवाळीपर्यंत पोचले. ताप, पाठीत कळ, लघवीतून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी यायचं, कीर्तन असो की नारद स्वतः आलेला असो.

मलम आणायला हे गेले. दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभे राहिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पंचा टाकून ते असं घरी आणलं, की शेजारणीला वाटलं मास्तर मासे आणायला लागले.

पण गुण आला. माघ गेला, फाल्गुन गेला, आग नाही. होळीला मी पोटभर पन्हं प्यायले.

आणि आता रामनवमी. पहाटे उठून तांब्याकडे पाहत बसले. जुनी सवय सांगत होती, कोरडी राहा. डॉक्टर सांगत होत्या, प्या. मी प्यायले. तांब्याभर, मग वर आणखी. डॉक्टरांचा अर्धा नियम मी असा घरी पाळला. उरलेला अर्धा, रोखायचं नाही हा, गादीवर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गादीवर चढण्याआधी जाऊन यावं म्हटलं, तर संकल्पासाठी पंचांनी मला सकाळपासून पाटावर बसवून ठेवलेलं.

म्हणजे हिशेब सरळ होता. दाबून धरलं, तर ताप आणि पेटी माळ्यावर. उतरले, तर आबांचा नियम मोडला आणि गावातल्या बायकांचं कीर्तन पुन्हा घोरणाऱ्यांच्या पदरात. पूर्वरंगाचा उपदेश मी कसा संपवला ते रामालाच ठाऊक. इंद्रियनिग्रहावर होता.

पूर्वरंग आणि कथेचा उत्तररंग यांच्यामध्ये थोडी विश्रांती असते. कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, मंडळी नामघोष करतात. कीर्तनकार मात्र गादीवरच उभा. आबांनी हार घातला. मी वाकले आणि वाकताना कळलं की आता वाकायची सोय उरलेली नाही. मी ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेलं.

आज प्रभूंचा जन्म आहे, मी म्हटलं. जन्माआधी सगळ्या गावानं नामघोष करत देवळाला प्रदक्षिणा घालायची. मी सांगेपर्यंत कुणी थांबायचं नाही.

आबा जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, अशी प्रथा इथं नाही.

मी हात जोडले आणि ध्वनिक्षेपकातूनच सांगितलं, "पहिला मान आबासाहेबांचा. आबासाहेब पुढे चालतील, गाव त्यांच्या मागे."

कुणी नियम मोडायला निघालं तर पंचाला त्याचा हात धरता येतो, मान द्यायला निघालं तर नाही. लोकांनी जयजयकार केला. आबा टोपी सारखी करून पुढे झाले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा 'तो विषय' न बोलता कळला. त्यांनी पेटीचा भाता जोरात ओढला आणि तबल्याला द्रुत लय धरायला लावली.

राहिली गादी. पुढच्या ओळीत आबांच्या पत्नी नलूवहिनी बसल्या होत्या. गोल, गोऱ्या, चष्म्याआड डोळे बारीक करून पाहणाऱ्या. चारचौघात त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांना हाताला धरून गादीवर घेतलं आणि चिपळ्या हातात दिल्या.

"मी काय करू?" त्या कुजबुजल्या.

"नुसत्या उभ्या राहा. गादी रिकामी दिसता कामा नये."

"पाळणा म्हणू का? तेवढाच येतो."

"तो जन्म झाल्यावर, वहिनी. आत्ता म्हटलात तर राम वेळेआधी येईल."

मी मिरवणुकीच्या शेपटाला लागले. देवळाच्या मागे, विहिरीच्या अलीकडे, बायकांसाठी एक शौचालय बांधलेलं होतं. उत्सवात ते बंद नसे, इतकंच. आत मांडवाचे वासे रचून ठेवलेले. कोपऱ्यावर वळताच मी नामघोषातून बाजूला झाले, वाशांमध्ये शिरले, नऊवारीचा कासोटा सोडला आणि त्यानंतरच्या सुखाचं वर्णन करायला मी पुन्हा कीर्तन लावलं तरी अपुरं पडेल. आग नव्हती. नुसतं पाणी होतं, जसं असायला हवं तसं.

कासोटा पुन्हा घालून बाहेर आले, तर दारापासून विहिरीपर्यंत बायकांची रांग. सगळ्या वयाच्या. मिरवणुकीचं अर्धं शेपूट वळणावर गळून इथे आलं होतं. पहिलीच होती गुरवांची सुनंदा. ती म्हणाली, सकाळपासून थांबलो होतो, पण पहिलं कोण जाणार. तिची सासू म्हणाली, आम्ही तर उत्सवाचे नऊही दिवस पाणीच कमी पितो. मग आग होते, पण ती उष्णतेची.

मी तिथेच, विहिरीच्या कठड्याला टेकून, माझं त्या दिवशीचं सर्वांत मन लावून ऐकलं गेलेलं निरूपण केलं. पाळी गेल्यावर काय होतं, तपासणी का करायची, गोळ्या का संपवायच्या, आणि मलम लावायला लाजायचं नाही, ते गालाला लावायचं नसलं तरी. कुणाचीही मान डोलली नाही. सगळ्या टक लावून ऐकत होत्या.

एवढ्यात नामघोष जवळ आला आणि थांबला. आबा उभे होते. कितवा फेरा होता देव जाणे. मी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते थांबले नव्हते. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, मागे गावातले सगळे पुरुष एकमेकांवर आदळून उभे.

"बाई," आबा म्हणाले, "तुम्ही गादी सोडून इथे?"

रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. काही तरी सांगता आलं असतं, तीर्थ आणायला आले, तुळशीला पाणी घालायला आले. तोंडाशी आलंही होतं. पण नुकतीच ज्यांना लाजू नका म्हणून सांगितलं, त्याच समोर उभ्या होत्या.

"लघवीला आले होते," मी म्हटलं. "पाळी गेल्यापासून मला त्याचं दुखणं आहे, आबासाहेब. दाबून धरलं की ताप येतो. डॉक्टरांनी रोखू नका म्हणून सांगितलंय. आणि या सगळ्याही त्याचसाठी आल्या आहेत."

पुरुषांनी शिखराकडे पाहिलं. कळस फार सुंदर आहे त्या देवळाचा.

"आणि गादी?" आबांनी विचारलं. "रामजन्माच्या दिवशी गादी रिकामी?"

याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. ते पिंपळाला बांधलेल्या कर्ण्यातून आलं.

"तर मंडळी," कर्ण्यातून नलूवहिनी म्हणाल्या, "पायस आलं. कौसल्येला दिलं, कैकेयीला दिलं. सुमित्रेला दोघींनी आपापल्यातलं काढून दिलं. घरात असंच चालतं. मग कौसल्येला दिवस गेले. महिने भरत आले, पोट पुढं आलं. आता तिला सारखं उठावं लागायचं. कुणी भेटायला आलं की उठ, दशरथराजे बोलायला बसले की उठ. हे पोथीत लिहिलेलं नाही. पण मला ठाऊक आहे, माझी चार झाली."

आबा कर्ण्याकडे बघत उभे राहिले. लग्नाला साठ वर्षं झाली असतील. मला वाटतं, एवढी सलग वाक्यं त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

"गादी रिकामी नाही, आबासाहेब," मी म्हटलं. "प्रदक्षिणा पुरी झाली. चला, जन्माची वेळ होतेय."

देऊळ पुन्हा भरलं. नलूवहिनी मला बघूनही उतरल्या नाहीत. कौसल्येच्या डोहाळ्यांत आवळ्याचं लोणचं यायचं होतं, ते येऊ दिलं. ह्यांनी पेटीवर त्यांना असा सूर दिला जसा मला कधी मनापासून दिला नव्हता. मग त्यांनी चिपळ्या माझ्या हातात ठेवल्या आणि ध्वनिक्षेपक समोर आहे हे विसरून म्हणाल्या, "धर. आता मी जाऊन येते."

सगळं देऊळ हसलं. बायका आधी हसल्या.

माझ्याकडे थोडाच वेळ उरला होता. दशरथाचा सगळा विलाप मी गाळला. त्यानं आजवर पुष्कळ केलेला आहे. शरयूकाठची सकाळ घेतली, दाई धावतात ती घेतली, आणि पुजाऱ्यानं हात वर केला त्या क्षणी माझा आवाज असा लागला, की देवळातली कबुतरं उडाली. राम जन्मला. गुलाल उडाला, सनई वाजली, पाळणा हलला, आणि नलूवहिनी धापा टाकत वेळेवर येऊन पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या. समोरच्या बायकांकडे मी पाहिलं. जन्माच्या कीर्तनाला इतका निवांत बसलेला स्त्रीवर्ग मी त्याआधी कुठेच पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. त्यांनी पेटी पुसली आणि पुढच्या कीर्तनाची तारीख विचारली. नांदखोलची नवमी मी त्यानंतर बारा वर्षं केली, आता तिथे माझी शिष्या उभी राहते. शौचालयातले वासे गेले, शेजारी आणखी दोन बांधली. प्रदक्षिणा तर आता फार जुनी परंपरा झाली आहे. मागच्या वर्षी एका विद्वान बुवांनी मला समजावून सांगितलं, की ते पाच फेरे म्हणजे पंचप्राण, आणि जन्माआधी प्राण जागवावे लागतात. मी मान डोलावली. शास्त्र चुकीचं नव्हतं.

पण त्या पहिल्या नवमीच्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. सुंठवडा वाटून झाला, माणसं पांगली, हे पेटीला गवसणी घालत होते, तेव्हा आबांनी मला खुणेनं बाजूला बोलावलं. मी ओळखलं, विषय बंद होणार. आबा खांबाशी उभे होते, माझ्याकडे न बघता. पुढच्या वर्षीही तुम्हीच या, असं त्यांनी त्या खांबाला सांगितलं. मी आभार मानायला हात जोडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तो प्रदक्षिणेचा पहिला मान तेवढा दुसऱ्या कुणाला तरी द्या," ते हळूच म्हणाले. "पुढे असलं की रांगेतून निसटता येत नाही. मला आपलं शेवटी चालू द्या."